कृष्णेच्या खोऱ्यावरची उड्डाणं

2025 च्या फेब्रुवारीत एक व्हिडिओ मोबाइलवरून देशभर फिरला. वाईजवळच्या पसरणी गावचा एक विद्यार्थी पाचगणीत होता आणि परीक्षेची वेळ जवळ आली होती. घाटातल्या गर्दीतून वेळेत पोहोचणं अवघड दिसताच तिथल्या पॅराग्लायडिंगवाल्यांनी त्याला अनुभवी पायलटसोबत हवेत सोडलं. दप्तरासकट तो कॉलेजजवळ उतरला.

बातमी गमतीची ठरली, पण त्यामागचं गणित पक्कं आहे. पाचगणी समुद्रसपाटीपासून सुमारे 1,300 मीटरवर, तर वाई त्याच्या निम्म्याहून थोडी अधिक उंचीवर. साधं पॅराग्लायडर शांत हवेत एक मीटर खाली येईपर्यंत साधारण आठ मीटर पुढे जातं. म्हणजे पाच-सहाशे मीटरची उंची हाताशी असली की चार-पाच किलोमीटरची मजल सहज मारता येते. घाटाच्या वळणांना जिथे वेळ लागतो, तिथे खोरं सरळ ओलांडता येतं.

या यंत्राला इंजिन नाही, सांगाडाही नाही. आहे ते कप्प्याकप्प्यांचं कापड. समोरची तोंडं उघडी असल्याने धावताना कप्प्यांत हवा भरते आणि कापडाला पंखाचा आकार येतो. पाचगणीतल्या हॅरिसन फॉलीच्या पठारावर पायलट ते गवतावर पसरतो, एकेक दोरी हाताने चाचपतो, गुंता नाही याची खात्री करतो आणि वाऱ्याकडे नजर लावून थांबतो. सोबतच्या पर्यटकाला सूचना एवढीच : पळत राहायचं, मध्येच बसायचं नाही. पुढची काही पावलं जड जातात. मग दोऱ्या ताणल्या जातात, पाय जमिनीवरून सुटतात आणि खाली धोम धरणाचं पाणी आणि पलीकडे कमळगड दिसू लागतो.

खरी कसोटी हवेत टिकून राहण्याची. कड्यावर आदळलेला वारा वर चढतो आणि त्याच्या आधाराने पायलट डोंगराला समांतर येरझाऱ्या घालतो. ऊन वाढलं की तापलेल्या जमिनीवरून गरम हवेचे स्तंभ उठतात, त्यांना थर्मल म्हणतात. घारी पंख न हलवता त्यातच घिरट्या घालतात, आणि जाणता पायलट आधी घारी शोधतो, मग व्हेरिओ या वर-खाली जाण्याचा वेग सांगणाऱ्या यंत्राकडे पाहतो. सातारा-सांगलीच्या माणसाला हा वारा नवा नाही. चाळकेवाडी आणि ढालगावच्या पवनचक्क्या त्यावरच फिरतात.

हाच वारा जीवघेणाही ठरतो. 14 फेब्रुवारी 2007 रोजी ऑस्ट्रेलियातल्या मॅनिला इथे जर्मन संघाची एवा विस्निएर्स्का वादळी ढगात खेचली गेली आणि 9,946 मीटरवर पोहोचली. बेशुद्ध झाली, अंगावर बर्फ साचला, तरी जिवंत उतरली. त्याच वादळात चीनचा एक पायलट मात्र दगावला. पाचगणीत पावसाळ्यात उड्डाणं बंद ठेवतात ते यासाठीच. उन्हाळ्यातही वळवाचे ढग जमू लागले की शहाणा पायलट पैसे परत करतो, पण कापड उघडत नाही. पर्यटकाने अशा नकारावर चिडू नये; जो नाही म्हणतो त्याच्याकडेच दुसऱ्या दिवशी जावं. हेल्मेट, हार्नेस आणि राखीव पॅराशूट स्वतः पाहून घ्यायला संकोच कशाला?

या खेळाची सुरुवात 1978 मध्ये फ्रान्सच्या मियूसी गावात झाली. विमानाचा खर्च टाळायला तिघा पॅराशूटपटूंनी डोंगरउतारावरून पळत उड्डाण केलं. आज मराठी पर्यटक इंटरलाकेन, पोखरा, ओल्युदेनिझच्या सहलीत पंधरा-वीस मिनिटं पायलटसोबत उडून येतात. अनुभव सुंदरच, पण त्यात वारा वाचायला शिकायला मिळत नाही.

ते शिकायचं तर कामशेत जवळ आहे. पहिल्या पायरीत, म्हणजे पी-वनमध्ये, बराचसा वेळ जमिनीवरच जातो : कापड डोक्यावर उभं करायचं, पाडायचं, पुन्हा उभं करायचं. या कसरतीला ग्राउंड हँडलिंग म्हणतात आणि कंटाळून ती अर्धवट सोडणारे पुढे धडपडतात. त्यानंतर छोट्या टेकडीवरून झेपा, मग उंच कडा. तयार झालेले ऑक्टोबरात हिमाचलच्या बीड-बिलिंगला जातात. तिथे 2015 मध्ये पॅराग्लायडिंगची विश्वचषक फेरी झाली होती. परदेशात स्वतःचं पॅराग्लायडर घेऊन उडायचं असेल, तर अनेक ठिकाणी आयपीपीआय कार्ड मागतात. आपलं कौशल्य कोणत्या पायरीवर आहे हे त्यावर नोंदलेलं असतं, आणि त्यावरूनच तिथले लोक कोणत्या डोंगरावरून, कोणत्या वेळी सोडायचं ते ठरवतात.