जुनी आलिशान मोटार : भाव आठ लाखांचा, मरम्मत पंचेचाळीस लाखांची

गांधीबाग आणि इतवारीच्या बाजारात अलीकडे एक नवा शौक दिसतो. कालपर्यंत ज्याच्या दारात स्कूटर होती त्याच्या दुकानासमोर आज मर्सिडीज, ऑडी किंवा स्कोडा सुपर्ब उभी असते. चौकशी केली की कळते, गाडी दहा-बारा वर्षांची आहे आणि नव्या लहान मोटारीच्या भावात मिळाली आहे. शौक वाईट नाही. मोठ्या गाडीत आराम असतो आणि बाजारात पत वाढते, असे मानणारेही पुष्कळ आहेत. परंतु कापडाचा तागा घेताना आपण पन्हा मोजतो, पोत बोटांनी पाहतो, उजेडात धरतो. तेवढी पारख मोटार घेताना होत नाही, याचे नवल वाटते.

एकेकाळी मोठी गाडी म्हणजे हिंदुस्थान मोटर्सची कॉन्टेसा. ती १९८४ साली आली आणि २००२ साली बंद झाली. सुरुवातीच्या कॉन्टेसाचे इंजिन ॲम्बेसिडरच्याच घराण्यातले, त्यामुळे कोणताही जुना मिस्त्री ते उघडू शके. पुढे १९९५ मध्ये पुण्यात मर्सिडीज बनू लागली, २००१ मध्ये तेव्हाच्या औरंगाबादजवळ शेंद्र्याला स्कोडा आली. या गाड्यांचे दुखणे मिस्त्रीच्या कानाला कळत नाही. त्यांना संगणक जोडावा लागतो.

गाड्या स्वस्त का मिळतात, हे आधी समजून घ्यावे. दिल्ली परिसरात दहा वर्षांवरील डिझेल गाड्यांवर राष्ट्रीय हरित लवादाने २०१५ मध्ये बंदी घातली आणि २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती उचलून धरली. २०२५ मध्ये न्यायालयाने त्यात फेरबदल केले खरे, पण त्या दरम्यान तिकडच्या कित्येक मालकांनी गाड्या मिळेल त्या भावात इतर राज्यांत काढल्या. म्हणजे भाव पडला तो कायद्यामुळे. प्रत्येक स्वस्त गाडी खराबच असते असे नाही.

मात्र गाडीचा भाव उतरतो तसा सुट्या भागांचा उतरत नाही. समजा, ४५ लाखांची गाडी दहा वर्षांनी ८ लाखांना मिळाली. तिचा गिअरबॉक्स, एअर सस्पेन्शन, हेडलाइट यांचे दर ४५ लाखांच्या गाडीचेच राहतात. स्वयंचलित गिअरबॉक्सचे एक मोठे काम निघाले की लाखाच्या वर सहज जाते. आणि असे काम वेळ पाहून निघत नाही. रमजानच्या तोंडावर सुरतच्या मालाचे पैसे द्यायचे असतात, विणकर आणि रंगारी मजुरीची वाट पाहत असतात. त्याच महिन्यात गॅरेजचे बिल आले तर कोणाला थांबवणार? म्हणून खरेदीच्या किमतीचा निदान चौथा हिस्सा पहिल्या वर्षाच्या मरम्मतीसाठी बाजूला ठेवता येत असेल तरच सौदा करावा, असे माझे मत आहे. हा पैसा धंद्याच्या भांडवलातून काढू नये. जुन्या गाडीच्या कर्जावर व्याजही नव्या गाडीपेक्षा जास्त लागते. ज्यांना मुळात व्याज नको, त्यांनी तर रोखीचाच हिशोब धरावा.

आपल्या शहराचे हवामान हीही एक अडचण. नागपूरच्या मे महिन्यात पारा ४५ अंशांवर जातो. या गाड्यांच्या थंड पाण्याच्या व्यवस्थेतले प्लास्टिकचे जोड आणि रबरी नळ्या अशा उष्णतेत लवकर ठिसूळ होतात. एसी लावून दुपारी अर्धा तास गर्दीत चालवून पाहावे, काटा वर सरकतो का ते कळते. गिअरबॉक्स मात्र सकाळी थंड असताना तपासावा. विक्रेत्याने आधीच गाडी गरम करून ठेवली असेल तर दुसऱ्या दिवशी पुन्हा जावे. एअर सस्पेन्शनची गाडी रात्रभर उभी ठेवून पाहावी, एखादा कोपरा खाली बसला असेल तर समजून घ्यावे.

२३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे नाग नदीला पूर आला तेव्हा अंबाझरी भागात कितीतरी गाड्या बुडाल्या होत्या. पाण्यातली गाडी पुसूनपासून बाजारात येते. सीटबेल्ट पूर्ण ओढून पाहावा, चटईखाली हात घालावा, सीटच्या लोखंडी पट्ट्यांचा गंज पाहावा. ऐब सांगून माल विकणारे थोडेच असतात.

समृद्धी महामार्गाने जाणाऱ्यांनी टायरवरचे चार आकडे वाचावेत. २३१९ असेल तर टायर २०१९ च्या तेविसाव्या आठवड्यातला आहे, नक्षी कितीही खोल दिसो.

कागदाच्या बाबतीत सलगी नको. परराज्यातील आरटीओचे ना हरकत प्रमाणपत्र हाती आल्याशिवाय पूर्ण रक्कम देऊ नये. बारा महिन्यांपेक्षा जास्त गाडी इथे ठेवायची तर इथला नंबर आणि इथला कर लागतो, तोही भावात धरावा. विमा चौदा दिवसांच्या आत नावावर करण्यासाठी अर्ज द्यावा. नो क्लेम बोनस विकणाऱ्याकडेच राहतो. तसेच आपण गाडी विकली आणि नोंदणी आपल्याच नावावर राहिली, तर अपघाताची भरपाई आपल्या गळ्यात पडते, असा सर्वोच्च न्यायालयाचा २०१८ चा निकाल आहे.

गाडी पेढीच्या खात्यात दाखवणाऱ्यांना आयकरात वर्षाला १५ टक्के घसारा मिळतो, पण कापड व्यापाऱ्याला तिच्यावरील जीएसटीची वजावट मिळत नाही. आणि पुढे विकताना, वहीत उरलेल्या किमतीपेक्षा जास्त भाव आला तर त्या फरकावर १८ टक्के जीएसटी भरावा लागतो.