रक्ताबरोबर वाहणारी गोळी

शरीरात शिरलेली गोळी एक तर आरपार निघून जाते, नाही तर आत रुतून बसते, असा सर्वसाधारण समज आहे. परंतु तिची तिसरीही एक गत होऊ शकते. वेग ओसरलेली गोळी रक्तवाहिनीची एकच भिंत भेदून आतल्या पोकळीत थांबली, तर रक्तप्रवाह तिला उचलून नेतो.

ती कोठे जाईल, हे मुख्यतः वाहिनीच्या जातीवर अवलंबून असते. रायपूरच्या वाचकांना महानदी परिचयाची आहे. शिवनाथ, हसदेव येऊन मिळतात तसतसे तिचे पात्र रुंदावते, नीलांचेही तसेच. त्यांत सापडलेली गोळी हृदयाच्या उजव्या भागात व तेथून पुष्कळदा फुप्फुसाच्या रोहिणीत पोहोचते. (क्वचित एखादी जड गोळी प्रवाहाविरुद्ध खालीही घसरते!) इतर रोहिण्या मात्र रुद्रीहून निघणाऱ्या कालव्याप्रमाणे फाटे फुटत अरुंद होत जातात. छातीत महारोहिणीत शिरलेली गोळी मांडीत अडकते आणि पायाचा रक्तपुरवठा तुटतो.

टॉमस डेव्हिस या इंग्रज वैद्याने १८३४ साली एक हकिकत प्रसिद्ध केली. दहा वर्षांच्या एका मुलाने घरीच केलेल्या बंदुकीचा स्फोट होऊन लाकडाचा तुकडा त्याच्या छातीत घुसला. मुलगा सुमारे पाच आठवडे जगला. मरणोत्तर तपासणीत तुकडा हृदयाच्या उजव्या जवनिकेत सापडला. हृदयाच्या भिंतीला मात्र जखम नव्हती. तो नीलेतून वाहत आला असावा, असा डेव्हिसचा तर्क होता.

असे रुग्ण विरळाच. व्हिएतनाम युद्धातील रक्तवाहिन्यांच्या ७,५०० जखमांत ते अवघे २२ आढळले. म्हणूनच नजरचूक होते.

३ एप्रिल २०२१ रोजी बिजापूर-सुकमा सीमेवरील चकमकीत २२ जवान मृत्युमुखी पडले. जखमींपैकी काहींना हेलिकॉप्टरने रायपूरला आणले गेले. गडचिरोलीतील जखमींना असेच नागपूरला नेले जात असे. अशा वेळी शस्त्रवैद्याला पहिलीच्या वर्गातले गणित करावे लागते. गोळी शिरल्याची छिद्रे किती, बाहेर पडल्याची किती, आणि क्ष-किरण चित्रात गोळ्या किती? पोटावर छिद्र एक, बाहेर पडल्याची खूण नाही आणि पोटाच्या चित्रात गोळीही नाही, तर छातीचे व पायांचे चित्र घ्यावेच लागते. शस्त्रक्रियेच्या टेबलावर पुन्हा एकदा चित्र घेतात, कारण मधल्या वेळात गोळी हललेली असू शकते.

पोटात गोळी लागलेल्या माणसाची पावले डॉक्टर का चाचपतात, याचे नातेवाइकांना नवल वाटते. ते तेथे नाडी शोधत असतात. एका पावलाची नाडी लागत नसेल, तर हरवलेली गोळी त्याच पायाच्या रोहिणीत अडकलेली असू शकते, आणि पाय वाचवावयास हाती थोडेच तास असतात.