टेकडी आणि चाकांची खुर्ची

परभणी म्हटलें कीं गोदाकांठचा काळा, सपाट मुलूख डोळ्यांपुढें येतो. परंतु जिंतुराकडे वळतांच जमीन चढूं लागते आणि नेमगिरीचा डोंगर लागतो. अशा स्थळीं घरची सहल निघाली म्हणजे ज्यांस चालवत नाहीं त्यांना गाडींतच बसवून आपण वर जातों. डोंगरास कोण काय करणार, असें आपणांस मनापासून वाटत असतें.

हें म्हणणें कितपत खरें? पुण्याची पर्वती घ्या. तिच्या १०३ पायऱ्या धडधाकट माणूस मोजीत चढतो. चाकांच्या खुर्चीवरील माणसास मोजण्याचें कारणच पडत नाहीं. त्याची वाट पहिल्या पायरीशींच संपते. म्हणजे अडचण उंचीची नव्हे, चढाच्या खडेपणाची आहे.

आपल्याकडील बांधकामाच्या दंडकाप्रमाणें खुर्चीच्या उतरणीस एक मीटर चढाला निदान बारा मीटर लांबी लागते. लांब पल्ल्यास वीस मीटर बरी. तीस मीटर उंचीच्या टेकडीस या हिशेबानें ६०० मीटर वाट झाली. वळणें घेत ती टेकडीच्या अंगावर बसूं शकते. बोरघाट १८३० सालीं चाकांच्या वाहनांस खुला झाला, तो वाट लांबवूनच. बैलांसाठीं जें सुचलें, तें माणसांसाठीं सुचावयास एवढा उशीर कां व्हावा?

ढाळ साधला तरी काम संपत नाहीं. मधून मधून विसाव्याची सपाट जागा हवी, कडेस कठडा हवा. सुट्या मुरुमांत चाक रुततें, आणि परभणीची काळी माती पावसांत चाकास कशी धरते, तें सांगावयास नकोच. दृष्टिहीनांसाठीं वाटेची कड किंचित् उंच असावी, म्हणजे काठीस ती सांपडते. प्राचीन लेण्यांचे उंबरठे छिनीनें तोडावे, असें मात्र मी म्हणणार नाहीं. तेथें पायथ्याशीं हातानें चांचपून पाहतां येईल अशी प्रतिकृति ठेवावी.

दिव्यांगांच्या हक्कांचा कायदा २०१६ सालीं झाला. सुगमतेचे किमान दंडक केवळ शिफारशी न राहतां बंधनकारक असले पाहिजेत, असें सर्वोच्च न्यायालयानें ८ नोव्हेंबर २०२४ रोजीं स्पष्ट केलें. टेकडीवर बाग आखणाऱ्या नगरपालिकेनें नकाशा पक्का करण्यापूर्वीं खुर्चीवरील दोघांतिघांस जागेवर न्यावें, आणि कामास पायथ्यापासून आरंभ करावा: गाडी थांबते तेथून वाटेच्या तोंडापर्यंत, आणि मग स्वच्छतागृहाच्या दारापर्यंत.