मिरचीवरील फुलकिड्याचें शास्त्रीय नांव

मिरचीचीं कोंवळीं पानें कडांनीं वर वळून होडीसारखीं झालीं कीं 'बोकड्या आला' असें शेतकरी म्हणतात. हें बहुधा फुलकिड्यांचें काम असतें. परंतु कोळ्यांमुळेंहि पानें आकसतात, मात्र तीं खालीं वळतात. शिवाय विषाणूंमुळें होणारा चुरडामुरडा निराळाच. एका नांवाखालीं अशीं तीन दुखणीं येत असल्यामुळें किडीची नेमकी ओळख हा केवळ पंडितांचा विषय नव्हे, असें आम्हांस वाटतें.

हा फुलकिडा फिकट पिवळा व लांबीनें सुमारें एक मिलिमीटर असतो. १९१९ सालीं अमेरिकन कीटकशास्त्रज्ञ हूड यांनीं कोइमतूर येथील नमुन्यांवरून त्याचें वर्णन करून 'स्किर्टोथ्रिप्स डॉर्सॅलिस' असें नांव ठेविलें. यांतील पहिला शब्द प्रजातीचा व दुसरा जातीचा. दुसऱ्याचा अर्थ 'पाठीचा'. त्याच वर्षीं बॅग्नॉल यांनीं त्यास 'हेलिओथ्रिप्स मिन्युटिसिमस', म्हणजे अतिशय लहान, म्हटलें. (फुलकिड्यांत लहान कोण नाहीं?) पुढें कार्नी यांनीं १९२५ त व ऑस्ट्रेलियांत गिरॉल्ट यांनीं १९२७ त आणखी दोन नांवें दिलीं, गिरॉल्ट यांचें नांव तर स्ट्रॉबेरीवरून होतें. सूक्ष्मदर्शकाखालीं नमुने ताडून पाहतां हे सर्व एकच ठरले आणि हूड यांचें नांव कायम झालें. जुने लेख चाळतांना वाचकांनीं हें ध्यानांत ठेवावें.

तथापि प्रकरण येथेंच मिटलें नाहीं. २०१५ त प्रसिद्ध झालेल्या जनुकीय अभ्यासांत या एका नांवाखालीं निदान नऊ जाति दडलेल्या आढळल्या. डोळ्यांस त्या सारख्याच दिसतात.

त्यांत २०२१ सालीं आंध्र व तेलंगण येथील मिरचीवर दुसराच फुलकिडा उसळला. तो 'थ्रिप्स पार्व्हिस्पिनस'. कार्नी यांनीं १९२२ त वर्णिलेला, व भारतांत प्रथम बंगळूर येथें पपईवर नोंदलेला. जुना किडा मुख्यतः कोंवळ्या पानांवर राहतो, तर हा फुलांत दाटी करतो व फुलें गळतात. म्हणून शेतकऱ्यांनीं पानें व फुलें पांढऱ्या कागदावर निरनिराळीं झटकून पाहावीं. फुलांतून गडद तपकिरी किडे पडल्यास नव्याचा संशय घ्यावा. त्याचा नर मात्र पिवळाच असतो, तेव्हां रंगावर सर्वस्वीं विसंबूं नये. कांहीं किडे मद्यार्कांत ठेवून, पीक, गांव व तारीख लिहून, जवळच्या कृषि महाविद्यालयाकडे पाठवावेत.