दाटी, दाब आणि संघ

माणसे एकत्र आली म्हणजे त्यांस काय म्हणावे? गर्दी, जमाव, मेळा, संघ असे कितीतरी शब्द मराठीत आहेत. वरवर ते समानार्थी भासतात. परंतु त्यांचे मूळ शोधू लागले, की एकत्र येण्याचे दोन अगदी भिन्न प्रकार ध्यानी येतात. एकात माणसे दाबली जातात, दुसऱ्यात जोडली जातात.

प्रथम इंग्रजी पाहू. 'क्राउड' हे जुन्या इंग्रजीत क्रियापद होते आणि त्याचा अर्थ रेटणे, ढकलणे असा होता. लोकांची गर्दी हा अर्थ त्यास पुढे चिकटला. 'थ्राँग' या शब्दाची कथाही अशीच. 'प्रेस' हा दाबणे या अर्थाच्या लॅटिन धातूतून आला. छापताना कागद शाई लावलेल्या खिळ्यांवर दाबावा लागे, म्हणून छापखाना 'प्रेस' झाला आणि पुढे वृत्तपत्रांनाही तेच नाव मिळाले. याच कुळातला 'डिप्रेस्ड' म्हणजे खाली दाबलेला. अस्पृश्य मानलेल्या समाजास ब्रिटिश अमदानीत 'डिप्रेस्ड क्लासेस' म्हणत. १९३५ च्या कायद्याने 'अनुसूचित जाती' ही संज्ञा आणली. परंतु जुन्या शब्दात एक कबुली दडलेली होती: दाबणारा कोणी असल्याखेरीज कोणी दाबलेला असत नाही.

आपल्याकडेही हेच आढळते. 'पीडा' ज्या धातूपासून झाली त्याचा मूळ अर्थ दाबणे, पिळणे. 'दलित' हा शब्द दल् म्हणजे फुटणे, चिरडणे या धातूचा. घरातले 'दळणे' त्याचेच भावंड. 'संकट' म्हणजे मुळात अरुंद, दाटीची जागा. 'गर्दी' फारसीतून आली. बखरींच्या मराठीत शत्रूस 'गर्दीस मिळविणे' म्हणजे त्याचा पुरता नाश करणे. 'जमाव' ज्या 'जमा'शी जोडलेला आहे तो शब्द मात्र अरबी असून एकत्र करणे एवढाच त्याचा अर्थ. 'जमात' त्याच घराण्यातली.

पाली भाषेत दाटीला 'संबाध' म्हणतात. त्यात 'बाध्' हा दाबण्याचा, त्रास देण्याचा धातू आहे. आपली 'बाधा' त्याच्यापासूनच झाली. सुत्तांमध्ये गृहस्थजीवनाला संबाध म्हटले असून त्याच्यासमोर प्रव्रज्येची मोकळी जागा, म्हणजे 'अब्भोकास', ठेवली आहे.

आता 'संघ'. सम् आणि हन् मिळून हा शब्द होतो. हन् म्हणजे आघात करणे. परंतु सम् जोडल्यावर घट्ट एकवटणे असा अर्थ निघतो. 'घन' हाही हन् धातूचाच. म्हणजे संघातही घट्टपणा आहे, पण तो नियमांनी बांधलेला. विनयानुसार चार भिक्खू असले तरी संघ होतो; हजारोंच्या गर्दीस मात्र संघ म्हणता येत नाही. महापरिनिब्बान सुत्तात बुद्धांनी वज्जींच्या उत्कर्षाची कारणे सांगताना वारंवार एकत्र जमणे आणि एकोप्याने जमणे यांस अग्रस्थान दिले आहे.

या भेदाचा अर्थ सोलापुरास नवा नाही. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९२४ मध्ये बहिष्कृत हितकारिणी सभा स्थापन केली आणि ४ जानेवारी १९२५ रोजी सभेने विद्यार्थ्यांसाठी सोलापुरात वसतिगृह उघडले. सरकारी कागदात ज्यांची नोंद 'दाबलेले' अशी होती, त्यांची मुले येथे एका छताखाली अभ्यासास बसली. तत्पूर्वी, १९२० मध्ये, 'मूकनायक' निघाले होते. दाबलेल्यांच्या हाती छापखान्याचा दाब आला, तो असा.

निवासी शाळेतही जागेची दाटी असतेच. एका खोलीत अनेक वळकट्या, एका नळापाशी लांब रांग. परंतु ज्याच्या त्याच्या पाळीचा मान राखला जातो, मागे पडलेल्यास सोबत घेतले जाते, तेथे गर्दी उरत नाही. आमच्या माजी विद्यार्थ्यांनी येथून प्रमाणपत्राबरोबर हा भेदही नेला असेल, तर 'संघं सरणं गच्छामि' हे रोजचे उच्चारण सार्थ झाले, असे आम्ही समजू.