बॅक्टेरियाची साखर लॅबमध्ये का बनवतात?

आपल्या बुलढाण्यातल्या सरकारी आरोग्य केंद्रात बाळाला दीड महिना, साडेतीन महिने आणि नऊ महिन्यांनी पीसीव्ही लस मोफत मिळते. न्यूमोनियापासून वाचवणाऱ्या या लसीत मुख्य काम करते साखर!

अर्थात, चहातली नाही. न्यूमोकॉकस बॅक्टेरियाभोवती साखरेच्या लांब साखळ्यांचं कवच असतं. आपली प्रतिकारशक्ती त्यावरून शत्रू ओळखते. पण दोन वर्षांखालच्या बाळांना नुसती साखर पुरत नाही, म्हणून ती प्रोटीनला जोडतात. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटच्या न्यूमोसिलमध्ये अशा 10 प्रकारच्या साखळ्या आहेत.

मग अडचण काय? त्यासाठी आधी रोगाचे बॅक्टेरिया टाकीत वाढवावे लागतात. त्यांच्यापासून काढलेली साखर शुद्ध करावी लागते आणि साखळ्या लहानमोठ्या निघतात.

दुसरा मार्ग म्हणजे साखळी स्वतः जोडणं. एका साखरेवर जोडणीच्या अनेक जागा असतात. हवी ती मोकळी ठेवायची, बाकीच्या तात्पुरत्या झाकायच्या, एक कडी जोडायची, आणि पुन्हा तेच. जोडाची दिशा चुकली तर शरीर चुकीचा आकार शिकतं.

हे शक्य आहे का? हो. क्युबाच्या शास्त्रज्ञांनी 2004 मध्ये हिब या बॅक्टेरियाविरुद्धची अशी लस जगासमोर मांडली. आयआयटी मुंबईत प्रा. सुवर्ण कुलकर्णी यांचा गट माणसाच्या शरीरात नसलेल्या, फक्त बॅक्टेरियात सापडणाऱ्या दुर्मिळ साखरा बनवतो.

पायऱ्या खूप, म्हणून खर्चही जास्त. खरी लढाई तिथेच आहे. तोवर घरातल्या बाळाच्या लसीकरण कार्डावर पीसीव्हीचे तिन्ही डोस झालेत ना, एवढं नक्की बघा.