जिवाचा मोबदला

मागच्या वेळी मुरबाडला आपण कर्मफळाचा विचार केला. तिथे शेवटी एका श्रोत्याने विचारलं होतं, की ख्रिस्ती धर्मात पुनर्जन्म नाही, एकच आयुष्य. मग तिथे माणसाच्या जगण्याचा हिशेब कसा मांडतात? वेळ संपली होती म्हणून तो प्रश्न आज शहापूरला घेतला आहे. हिशेब हाच शब्द धरून चालू, कारण येशूने स्वतः तो हिशेबाच्याच भाषेत मांडला आहे.

मत्तयच्या शुभवर्तमानाचा सोळावा अध्याय. मार्क आणि लूक यांच्याकडेही हा प्रसंग आहे. येशू शिष्यांना सांगतो की आपल्याला दुःख सोसावं लागेल, मारलं जाईल. पेत्र त्याला बाजूला घेऊन म्हणतो, असं काही होणार नाही. त्यावर येशू पेत्राला चांगलाच फटकारतो आणि मग सगळ्यांना एक प्रश्न विचारतो. शब्दशः नाही, अर्थ सांगतो: समजा एखाद्याने अख्खं जग कमावलं आणि त्या व्यवहारात त्याचा जीवच हातचा गेला, तर नफा कोणता? आणि तो जीव सोडवून आणायला तो मोबदला म्हणून देणार काय?

'मोबदला' हा शब्द मी पदरचा घातलेला नाही, मराठी बायबलातच तो आहे. आणि या तालुक्यात तो कुणाला समजावून सांगायची गरज नाही. समृद्धी महामार्ग 701 किलोमीटरचा. त्याचा इगतपुरी ते आमणे हा शेवटचा टप्पा 5 जून 2025 ला खुला झाला, आणि तो तुमच्या शहापुरातूनच गेला आहे. सातबारा, मोजणी, संमती, खरेदीखत आणि मोबदला हे शब्द इथे काही वर्षं घराघरात बोलले गेले. तेव्हा मूळ ग्रीक वाक्यातले शब्द ऐकलेत तर ते तुम्हाला अजिबात परके वाटणार नाहीत. मिळवणे याला तिथे जे क्रियापद आहे ते व्यापारातल्या नफ्याचं आहे. गमावणे याला जे आहे त्याचा अर्थ नुकसान सोसणे, दंड भरणे असा होतो. आणि मोबदला याला 'अंतालाग्मा', म्हणजे अदलाबदलीत दुसऱ्या पारड्यात ठेवायची वस्तू. येशू मंदिराच्या भाषेत बोलत नाही, बाजाराच्या भाषेत बोलतो.

मग पारड्यात जे ठेवलं आहे ते नेमकं काय? जीव की आत्मा? इथे जरा थांबू, कारण सगळा घोळ इथेच आहे.

आपल्याकडे आत्मा म्हटलं की कानात गीतेचा दुसरा अध्याय वाजतो. आत्मा जन्मत नाही, मरत नाही, शस्त्राने तुटत नाही. आता हा आत्मा घेऊन येशूच्या प्रश्नाकडे जा. प्रश्नच कोसळतो. जो नष्ट होऊ शकत नाही तो गमावणार कसा? आपल्याकडे फार तर त्याचा विसर पडेल, त्याच्यावर अज्ञानाचं आवरण येईल. तो जाणार नाही. येशू ज्याच्याबद्दल बोलतो ती गोष्ट मात्र खरोखर जाऊ शकते. म्हणून मराठी बायबलात या ठिकाणी 'आत्मा' नसून 'जीव' आहे, आणि माझ्या मते तोच शब्द बरोबर आहे.

ग्रीकमधला शब्द 'प्सुखे', ज्याच्यापासून आपली सायकॉलॉजी आली. त्याच्यामागे हिब्रू 'नेफेश' उभा आहे. नेफेशचा जुना अर्थ गळा, मग श्वास, मग तहानभूक असलेला जिवंत प्राणी, आणि त्यातून 'मी स्वतः'. आपल्या बोलण्यात जीव अगदी असाच वागतो. जीव लागतो, जीव लावतो, जीव तुटतो, जिवावर येतं, जीव भांड्यात पडतो. यातला कुठलाही जीव देहापासून सुटा काढून दाखवता येणार नाही. लूकने तर हेच वाक्य लिहिताना प्सुखे टाळून सरळ 'स्वतःला' असं म्हटलं आहे: माणूस स्वतःलाच गमावून बसला तर काय उपयोग?

पंडिता रमाबाईंना या शब्दांच्या अडचणीची पूर्ण जाणीव होती. संस्कृत त्यांच्या घरातच होतं. 1883 मध्ये इंग्लंडात बाप्तिस्मा घेतल्यानंतर पुढे केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये त्यांनी हिब्रू आणि ग्रीक शिकून सगळं बायबल मराठीत आणायला घेतलं. वेदान्ताच्या परिभाषेचे शब्द आले की वाचणारी बाई भलताच अर्थ घेईल, ही त्यांची काळजी होती. त्यांना साध्या बायकांना कळेल असं मराठी हवं होतं. 1922 मध्ये त्या गेल्या आणि भाषांतर 1924 मध्ये छापून आलं. एका विदुषीने आयुष्याची शेवटची वर्षं शब्द निवडण्यात घालवली, हे मला कुठल्याही प्रवचनापेक्षा मोठं वाटतं.

एक गोष्ट मात्र प्रामाणिकपणे सांगायला हवी. ख्रिस्ती परंपरा जिवाला मरणाबरोबर संपवत नाही. याच उताऱ्यात लगेच पुढे न्यायाची गोष्ट आहे, ज्याच्या त्याच्या करणीप्रमाणे फळ मिळण्याची. म्हणजे मरणानंतर काही नाही, असं येशू म्हणत नाही. पण हिशेब या आयुष्याचाच होतो, आणि पुरवणी परीक्षा नाही. आपल्याकडे निदान पुढच्या जन्माची सोय आहे! (हशा)

आता युक्तिवादाकडे येऊ. जमीन गेली आणि पैसे आले, तर पैसे घेणारे तुम्ही शिल्लक असता. शहापुरातली गेली, मुरबाडला दुसरी घेता येते. चांगली की वाईट हा पुढचा प्रश्न. कारण जमीन ही तुमची आहे, तुम्ही नाही. पण व्यवहारात जाणारी वस्तू म्हणजे तुम्हीच असाल, तर नफा जमा करायचा कुणाच्या खात्यावर? खातेदारच गेला. येशू जग वाईट आहे असं म्हणत नाही, जीव महाग आहे असंही म्हणत नाही. महाग म्हटलं तरी भाव आला. तो म्हणतो, हा सौदा सौदा म्हणूनच उभा राहत नाही. जर्मन तत्त्वज्ञ कान्ट याने 1785 मधल्या ग्रंथात जवळजवळ हाच भेद केला आहे. ज्याच्या जागी दुसरं काही ठेवता येतं त्याला किंमत असते; ज्याच्या जागी काहीच ठेवता येत नाही त्याला किंमत नसते, प्रतिष्ठा असते. कान्टने हे बुद्धीच्या आधारावर मांडलं, पण तो वाढला होता धार्मिक ख्रिस्ती घरात, हे विसरून चालणार नाही.

हे सगळं ऐकायला छान आहे. प्रत्यक्षात कुणी असं जगलं का?

नारायण वामन टिळकांचं उदाहरण घेऊ. 1861 चा जन्म, रत्नागिरी जिल्ह्यातलं करजगाव. आगगाडीच्या प्रवासात एका युरोपियन माणसाने त्यांना नवा करार दिला, डोंगरावरच्या प्रवचनाने ते वेधले गेले, आणि 10 फेब्रुवारी 1895 ला मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला. जात गेली, नातेवाईक गेले, बायको माहेरच्यांकडे राहिली. त्या काळी ख्रिस्ती झालेल्या माणसाबद्दल एकच बोललं जायचं: मिशनने पैसे दिले असणार. म्हणजे बघा, येशूचा प्रश्न उलटून त्यांच्याच अंगावर आला. लोक म्हणाले, यानेच जीव विकला! टिळकांनी या आरोपाला तोंडी उत्तरं पुष्कळ दिली असतील, पण खरं उत्तर 1917 मध्ये दिलं. अमेरिकन मराठी मिशनची पगाराची नोकरी सोडली, साताऱ्यात राहिले आणि 'देवाचा दरबार' उभा करायला निघाले. ख्रिस्ती होणं आणि मिशनचा नोकर असणं या दोन गोष्टी त्यांनी स्वतःच्या हाताने वेगळ्या केल्या. दोन वर्षांनी, 1919 मध्ये, ते गेले.

पण इथे मला एक खटकतं आणि ते मी दडवणार नाही. टिळकांनी आपला जीव राखला. त्याचा खर्च कुणी सोसला? लक्ष्मीबाईंनी. त्यांना कुणी विचारलं नव्हतं. नवरा धर्म सोडून गेला आणि ही बाई काही वर्षं लहान मुलाला घेऊन ना सधवा ना विधवा अशी राहिली. पुढे त्या परत टिळकांकडे गेल्या आणि 1900 मध्ये त्यांनीही बाप्तिस्मा घेतला, पण त्यांच्या वेळेला, त्यांच्या विचाराने. 'स्मृतिचित्रे' वाचा. त्यात तक्रार नाही, रडगाणं नाही, चेष्टा भरपूर आहे, आणि हिशेब मात्र चोख आहे. येशूच्या प्रश्नात एकटा माणूस आहे, घर नाही. हा त्या प्रश्नाचा अपुरेपणा म्हणा, किंवा वाचणाऱ्याचं काम म्हणा, पण घरातल्या दुसऱ्या माणसाच्या जिवाला भाव लावून आपला जीव राखता येतो का, हे विचारावंच लागतं.

असाच दुसरा धोका गोव्यात दिसतो. परंपरा सांगते की पॅरिसमध्ये लोयोलाचा इग्नेशियस तरुण फ्रान्सिस झेवियरला हाच प्रश्न पुनःपुन्हा ऐकवत असे. झेवियर तेव्हा तत्त्वज्ञानाचा हुशार अध्यापक, मोठ्या पदाची स्वप्नं बघणारा. त्याने ती सोडली आणि 1542 मध्ये तो गोव्यात उतरला. वैयक्तिक पातळीवर त्याग खरा, शंका नाही. पण त्याच झेवियरने 1546 मध्ये पोर्तुगालच्या राजाला लिहून गोव्यात इन्क्विझिशन मागितलं, आणि ते त्याच्या मृत्यूनंतर 1560 मध्ये आलं. हे कसं घडतं? एकदा आत्मा देहापासून सुटा केला आणि तो अमोल ठरवला, की त्याला वाचवण्यासाठी देहाचे हाल केले तरी चालतात, असं तर्कशास्त्र तयार होतं. जीव हा शब्द ठेवला तर ते करता येत नाही. जिवाचे हाल करून जीव वाचवला, असं मराठीत कुणी म्हणत नाही.

आता आपल्या जिल्ह्यात या. जुन्या ठाणे जिल्ह्यात, म्हणजे पालघर वेगळा होण्याआधीच्या, 'लग्नगडी' नावाची चाल होती. वारली तरुणाने लग्नासाठी सावकाराकडून थोडे पैसे घ्यायचे आणि ते फिटेपर्यंत त्याच्याकडे राबायचं. फिटत कधीच नसत. बायकोही राबायची. गोदावरी परुळेकरांच्या 'जेव्हा माणूस जागा होतो' या पुस्तकात ही माणसं भेटतात. 1945 चा वारल्यांचा उठाव याच वेठीविरुद्ध होता. वेठबिगारी कायद्याने सगळ्या देशात बंद झाली ती 1976 मध्ये.

आता या लग्नगड्यासमोर उभं राहून येशूचा प्रश्न विचारा बरं. जग मिळवून जीव गमावलास तर काय फायदा? त्याने जग कुठे मिळवलं होतं? त्याला मिळाली एक हळद आणि एक लुगडं. भाव त्याच्या जिवाचा लागला, पण तो लावला दुसऱ्याने. प्रश्न त्याला नाहीच. प्रश्न ओट्यावर बसून वहीत आकडा मांडणाऱ्याला आहे. जग त्याने मिळवलं. माणूस कितीला पडतो हे ज्याला तोंडपाठ झालं, त्याचंच काहीतरी गेलं होतं.

म्हणून हे वचन गरिबाला ऐकवणाऱ्यांचा मला संशय येतो. ऐहिक लाभात काय आहे, आत्मा सांभाळा, असा उपदेश साधारणपणे ज्याचं पोट भरलेलं आहे तो करतो. तुमच्या तालुक्यातल्या तानसा आणि भातसाचं पाणी मुंबई पिते, आणि उन्हाळ्यात इथल्या पाड्यांवर टँकरची वाट बघतात. हंडा घेऊन उभ्या असलेल्या बाईने पाणी मागणं म्हणजे जग मिळवण्याची हाव नव्हे. तो जीवच आहे. नेफेश म्हणजे गळा, हे मघाशी सांगितलंच.

एक चिठ्ठी आली आहे. विचारलं आहे, 'जो आपला जीव राखू पाहील तो गमावेल, असंही येशू म्हणतो, मग जीव राखायचा की द्यायचा?' चांगला प्रश्न आहे. हे वाक्य बरोबर आधीचंच आहे आणि त्यातही शब्द तोच, प्सुखे. इंग्रजीच्या जुन्या भाषांतरात एका ओवळीत त्याचा अर्थ प्राण आणि पुढच्याच ओळीत आत्मा असा केला, त्यामुळे जोड तुटली. मराठीत जीव-जीव ठेवलं की जोड राहते. उत्तरासाठी मी तुम्हाला मुरबाडच्या सिद्धगडावर नेतो. भाई कोतवाल, माथेरानचे, वकील झालेले. चालती वकिली हाताशी होती. 2 जानेवारी 1943 च्या पहाटे सिद्धगडच्या जंगलात ते आणि हिराजी पाटील गोळीबारात गेले. दोघेही ख्रिस्ती नव्हते. पण त्यांना आपण जे नाव दिलं ते पाहा: हुतात्मा. त्यांनी जीव दिला, विकला नाही. देताना देणारा शेवटपर्यंत असतो. विकताना तो आधीच निघून गेलेला असतो. येशूच्या दोन वाक्यांमधला विरोध मला तरी असाच सुटतो. धर्मशास्त्राचे अभ्यासक याला वेगळं उत्तर देतील, आणि त्यांचं उत्तर पुनरुत्थानावरून येईल. तो विषय पुढच्या महिन्यात मुरबाडला घेऊ. आणखी चिठ्ठ्या असतील तर पुढे पाठवा, दहा मिनिटं आहेत.